न दिलेली हाळी

गंगाखेडच्या परमेश्वरकडे चार म्हशी, आणि त्यांच्या मागं रोज गोदावरीत उतरणारी त्याची लेक शिवकन्या. डोहात डुंबणारी म्हैस लांबून म्हैस वाटत नाही, नुसती काळी पाठ दिसते, खडक समजावा अशी. म्हणून मोटारहोडी येताना ज्याला पाण्यात काळं दिसेल त्यानं हाळी द्यायची, असा काठावरचा रिवाज. "दगड निघला तर हासून घेऊ," परमेश्वर म्हणायचा, "म्हैस निघली तर वाचंल." शिवकन्येचा गळा असा, की हाळी पल्याडच्या काठाला ऐकू जायची.

एकोणिसाव्या वर्षी कॉलेजातून तिची निवड तरुणांसाठीच्या शिडाच्या प्रशिक्षण जहाजावर झाली. पहिले चार दिवस तिनं उलट्यांची बादली सोडली नाही. पाचव्या दिवशी उठली, डेक घासला, शिडाचे दोर ओढून तळहात सोलून घेतले. एकदा गोठ्यातल्या सवयीनं दोराला कासरा म्हणाली आणि बरोबरची शहरी पोरं पोट धरून हसली. तेव्हापासून तिचं नावच 'कासरा' पडलं. या लोकांपुढं तोंड मिटून राहिलेलं बरं, असं तिनं ठरवून टाकलं.

अकराव्या दिवशी सकाळी जहाजाच्या टोकाशी पहाऱ्याला तीच होती. इंजिन बंद, शिडं फुगलेली, जहाज बिनआवाजी चाललेलं. समोर पाण्यात एक काळी पाठ दिसली, तिला चिकटून एक लहान. म्हैस आणि रेडकू, हेच आधी तिच्या मनात आलं. हाळी गळ्यापर्यंत आली. पण समुद्रात म्हशी म्हटलं तर आता कोणतं नाव पडेल? तिनं ती हाळी गिळली.

मग पाण्याचा फवारा उडाला. मागून कप्तान ओरडले, सुकाणू गरकन फिरलं, पण उशीर झाला होता. जहाजाच्या बुडाला काहीतरी जड घासून गेलं. मागं पाणी लालसर झालं आणि देवमाशाची ती मादी तिथल्या तिथं घिरट्या घालत राहिली. पोरं फोटो काढत होती.

"तुला दिसलं नाही का गं?" कप्तानांनी विचारलं.

"नाही सर."

"डोळ्यांवर उन्हाची तिरीप होती. होतं असं," ते म्हणाले. त्यांनी विश्वास ठेवला, याचीच तिला जास्त लाज वाटली.

सफरीवरून परतल्यावर गावात सत्कार झाला. शाल, नारळ, चौकात फ्लेक्स. पहिल्या रांगेत नवा फेटा बांधून बाप बसलेला. देवमासा केवढा होता, हे शिवकन्या हात पसरून दाखवत होती आणि टाळ्या पडतील तसतशी मेल्याहून मेल्यासारखी होत होती.

आज ती त्याच गावात पोरांना खेळ शिकवते. मैदानावर शिट्टी वाजवते, ओरडत मात्र नाही. यंदाच्या उन्हाळ्यात नदीवर म्हशी धुताना, सात वर्षांनी, तिनं बापाला सगळं सांगून टाकलं. परमेश्वर बराच वेळ म्हशीची पाठ घासत राहिला.

"हासले असते म्हणून?"

"व्हय."

"मंग हासू द्याचं व्हतं की." त्याचा हात थांबला. "आन् रेडकू? जगलं का त्ये?"

एवढ्या वर्षांत हे तिला कुणीच विचारलं नव्हतं. तिला ठाऊक नव्हतं.