हाक मारायचा परवाना

मला गप्प बसता येत नाही. शाळेत बाई मला मुद्दाम वर्गातल्या सगळ्यात अबोल मुलीशेजारी बसवायच्या, आणि महिनाभरात तीही उभी राहून शिक्षा भोगायची. आता मी बोईसरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नमुने तपासते. तिथे तोंडाला मास्क असतो, पण मास्कच्या आतूनही मी बोलत असते. नवरा म्हणतो, तुझ्याशी भांडण झालं तरी बरं वाटतं, निदान विषय तरी बदलतो. अशा बाईने जो छंद धरला त्यात पहिला बराच काळ फक्त ऐकायचं असतं. याला हौस म्हणायचं की स्वतःला दिलेली शिक्षा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

सुरुवात एका वादळात झाली. माझं माहेर साताऱ्याकडचं, सासर बोईसरजवळच्या किनाऱ्यावरच्या नवापूरचं. आम्ही राहायला जवळच्याच पाम गावाला. वादळाची खबर आली तसा नवरा होडी वर ओढायला नवापूरला गेला, आणि मागोमाग वीज गेली, फोनही मुके झाले. मी घरात एका जागी उभी राहीना. सासूबाई म्हणाल्या, "बस जरा, तू फेऱ्या मारून वारा थांबनार नाय." मी ऐकलं नाही. पाऊस जरा कमी झाल्यावर चिखल तुडवत मदत केंद्र गाठलं.

तिथे ताडपत्रीखाली एक काका बसले होते. समोर गाडीची बॅटरी, त्यावर रेडिओचा एक सेट, सेटची वायर वर झाडात फेकलेली. त्यांनी माझ्या नवऱ्याचा ठावठिकाणा विचारून घेतला, मग शांतपणे माइकमध्ये आधी समोरच्याचं कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं नाव, म्हटलं, मग स्वतःचं, मग निरोप. नवापूरच्या बाजूला त्यांच्यासारखाच कोणी हौशी रेडिओवाला बसला होता. थोड्या वेळाने उत्तर आलं: माणूस शाळेत आहे, सुखरूप आहे, पायात काटा गेला आहे. मला इतका आनंद झाला की मी माइककडे हात केला. म्हटलं, द्या, मीच बोलते. काकांनी माइक छातीशी धरला.

"नाही," ते म्हणाले. "तुमच्याकडे परवाना नाही."

वादळात, भिजलेल्या बाईला, परवाना. मला असा राग आला की नवरा सुखरूप असल्याचा आनंदही काही वेळ बाजूला पडला. पुढच्या रविवारी मी त्यांचा पत्ता शोधत बेटेगावला गेले ती आभार मानायला म्हणून, पण खरं सांगायचं तर भांडायला. ते निवृत्त इंजिनियर. बायको गेल्यावर एकटेच राहत होते. इमारतीच्या गच्चीवर त्यांच्या एरियलची काठी, आणि घरात सगळीकडे वायरी. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, चहा दिला आणि म्हणाले, "एवढी हौस आहे तर परीक्षा द्या की."

अशी मी अडकले. महिन्याभरात 'तुम्ही'चं 'तू' झालं.

हौशी रेडिओचे नियम ऐकायला सोपे आहेत. ऐकायला परवाना लागत नाही, निदान काका मला तसंच सांगत. बोलायचं असेल तर परीक्षा द्यायची, मग पोलीस चौकशी, मग दिल्लीहून परवाना आणि त्याच्यासोबत कॉलसाइन. धंद्याचं बोलायचं नाही. गाणी लावायची नाहीत. तिसऱ्याचे निरोप पोचवायचे नाहीत, संकटकाळ सोडून. आणि दर वेळी आपलं कॉलसाइन सांगायचं, म्हणजे हवेत कोण आहे हे सगळ्यांना कळतं. आपल्याकडची कॉलसाइन व्हीयूने सुरू होतात. पुढे आकडा, मग तुमची स्वतःची अक्षरं. मोर्स, म्हणजे आखूड-लांब ठोक्यांची लिपी, शिकून मोठी परीक्षा दिली की व्हीयू-टू. मोर्स टाळून धाकटी परीक्षा दिली की व्हीयू-थ्री.

काका व्हीयू-टू होते आणि त्यांना त्याचा अभिमान होता. त्यांच्या टेबलावर सरावासाठी मोर्सची कळ आणि बझर होता. मी दारात आले की 'ये' म्हणायच्या ऐवजी ते कळ दाबत: तीन आखूड, एक लांब. दोन आखूड, एक लांब. "हे व्ही, हे यू. आपला देश," ते सांगत. "बाकीचं शिकायला फार तर काही महिने लागतील. मोठीच परीक्षा दे."

"मोर्स आता कोण वापरतं?" मी म्हणायचे. "मला बोलायचंय, काका. टकटक नाही करायची."

धाकटी परीक्षा मी मुंबईला जाऊन दिली आणि पास झाले. त्याआधी कित्येक दिवस भाकऱ्या थापताना अल्फा, ब्राव्हो, चार्ली चालू असायचं. सासूबाईंनी एकदा विचारलं की हे कुठल्या देवाचं. मग अर्ज गेला आणि वाट बघणं सुरू झालं. काकांनी मला फक्त ऐकायचा एक छोटा रेडिओ दिला होता. बोलायचा सेट त्यांनी माझ्यासाठी कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं. मी गच्चीवर तारेचं एरियल बांधलं आणि संध्याकाळी तिथे ऐकत बसायला लागले. बसायला कसली, येरझाऱ्या घालायला लागले. कोण कुठली माणसं एकमेकांना हवापाणी विचारत होती, आणि मला मधे तोंड घालता येत नव्हतं. कधी रशियन बोलणं यायचं. सासूबाई सुकत घातलेले बोंबील उलटायला वर यायच्या आणि विचारायच्या, "हे कोन?" मी सांगायचे, "रशियातलं आहे." त्या मान डोलवायच्या.

त्याच सुमारास काकांचा आवाज बसला. सर्दी म्हणून दुर्लक्ष केलं, मग तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. काकांनी मला हे सांगितलं तेव्हा ते एका जुन्या सेटची पाठ उघडून बसले होते. म्हणाले, "तुझं कॉलसाइन आधी आलं तर बरं. तुझा पहिला कॉल मी घेणार असं मनात धरलंय." एवढंच. पुन्हा पेचकस फिरवायला लागले. मी मात्र त्या दिवसापासून स्वस्थ राहिले नाही. कारखान्यात नमुना तापत ठेवून मी मोबाइलवर अर्जाची स्थिती बघायचे. तिथे रोज एकच ओळ असायची की पोलीस अहवालाची प्रतीक्षा.

आणि ती पोलीस चौकशी नेमकी मी कामावर असतानाच व्हायची होती.

चौकशीला हवालदार घरी आले तेव्हा सासूबाई एकट्या होत्या. त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला. हवालदारांनी गच्चीवरच्या तारेकडे बोट करून विचारलं, हे कशाला. आता या बाईंनी आयुष्यात माझं तोंडावर कधी कौतुक केलेलं नाही. माझ्या हातचं कालवण त्यांना अजून हवं तसं लागत नाही. पण परक्या माणसासमोर, तेही वर्दीतल्या, सुनेचा मान राखायचा हे त्यांना जन्मापासून ठाऊक. त्या म्हणाल्या, "आमची सून सगल्या जगाशी बोलते. रशियाशी बी बोलते. रोज."

हवालदारांनी ते लिहून घेतलं.

मला पोलीस ठाण्यात बोलावलं तेव्हा मी उड्या मारत गेले, काम झालं असं समजून. साहेबांनी कागद वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, परवाना नसताना तुम्ही रोज रशियाशी बोलता?" खिडकीतून लांबवर अणुवीज केंद्राची चिमणी दिसत होती, तीही त्यांनी एकदा बघून घेतली. मी इतकी भराभर खुलासा करायला लागले की त्यांना अजूनच संशय आला. ऐकते साहेब, फक्त ऐकते, बोलत नाही. माझ्या तोंडून ही दोन वाक्यं ऐकून मलाच ती खोटी वाटली. माणूस चांगला होता. पण लिहिलेलं खोडता येत नाही, पुन्हा चौकशी करावी लागेल, म्हणाला. पुन्हा म्हणजे परत पहिल्यापासून.

घरी येऊन मी सासूबाईंवर ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवतंय आणि इथे लिहिणार नाही. त्या बोंबलांच्या टोपलीपाशी बसून राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "मना वाटला चांगलाच सांगतंय." आणि उठून आत गेल्या.

ऑपरेशनची तारीख ठरली. मी बेटेगावला गेले आणि काकांना गळ घातली. कपाट उघडा, सेट द्या, मी पामहून एकदाच हाक मारते. तुम्ही एकदा उत्तर द्या. कॉलसाइन नसेना. मिनिटभराचं काम.

"पाम ते बेटेगाव," मी म्हटलं. "एवढ्याशा अंतरात कोण ऐकतंय, काका?"

"मी ऐकतोय ना," ते म्हणाले. आवाज इतका घोगरा झाला होता की मला पुढे वाकावं लागलं. "निनावी हाकेला मी आजवर ओ दिलेली नाही. तुझ्यासाठी देऊ?"

हो, द्या, असं मला ओरडून म्हणायचं होतं. नियम गेले खड्ड्यात, असंही म्हणायचं होतं. त्यातलं अर्धं मी म्हटलंच. निघताना मी दाराशी पोचले तसा मागे टेबलावरचा बझर वाजला, नेहमीसारखाच. मी मागे वळून पाहिलं नाही, चिडले होते म्हणून, आणि रडू येत होतं म्हणूनही. त्यांचा आवाज मी ऐकला तो तेवढाच शेवटचा.

दुसरी चौकशी पार पडून परवाना आला तो काका ऑपरेशन होऊन घरी परतल्यावर. मोबाइलवर व्हीयू-थ्री आणि पुढे तीन अक्षरं दिसली. ती मी इथे देत नाही, कारण कॉलसाइन म्हणजे माणसाचं नावच, आणि या आठवणींत मी कोणाचं नाव घ्यायचं नाही असं ठरवलंय. ज्यासाठी इतकी तडफडले ते हातात होतं आणि मला त्याच्याकडे बघवेना. नवऱ्याने पेढे आणू का विचारलं. मी नको म्हटलं.

काका खुर्चीत बसले होते, गळ्याला पट्टी. मी मोबाइल पुढे धरला. त्यांनी चष्मा लावून अक्षरं वाचली, पुन्हा वाचली, आणि हसले. मग उठून कपाटाचं कुलूप काढलं, सेट माझ्या हातात दिला आणि दाराकडे बोट केलं. जा, घरी जा. मला वाटलं, त्यांना एकटं राहायचंय. वाटेत रिक्षात मी सेट मांडीवर घेऊन बसले होते आणि तो मला धोंड्यासारखा जड लागत होता. उत्तरच येणार नसेल तर हाक कोणाला मारायची?

तरी गच्चीवर गेले. सूर्य खाडीच्या बाजूला उतरला होता. सासूबाई बोंबील गोळा करत होत्या. त्या भांडणापासून आमचं बोलणं कामापुरतंच होतं. मी सेट चालू केला, काकांचं कॉलसाइन म्हटलं, मग माझं, पहिल्यांदाच, सबंध. बटण सोडलं. नुसती खरखर.

मग बीप आला. आखूड, लांब, आखूड, असं काहीतरी सरसर निघून गेलं. टेबलावरचा तो बझर त्यांनी माइकला लावला होता. काका बोलत होते, भरपूर बोलत होते, आणि मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. बझर थांबला. पुन्हा सुरू झाला, या वेळी सावकाश. मी गच्चीभर फिरायला लागले, जणू या कोपऱ्यात नाही तर त्या कोपऱ्यात कळेल.

"कोन हाय?" सासूबाईंनी विचारलं.

"काका आहेत. मला कळत नाहीये ते काय म्हणतात."

"मंग बस की जरा. फेऱ्या मारून कसा कलंल?"

मी बसले. बोंबलांच्या टोपलीशेजारी, त्यांच्याजवळ. बझर पुन्हा सुरू झाला, आणखी सावकाश, लहान मुलाला घास भरवावा तसा. तीन आखूड, एक लांब. दोन आखूड, एक लांब. हे मला येत होतं. दर रविवारी दारात हेच वाजायचं. मग तीन आखूड, दोन लांब. हा आकडा. मग तीन अक्षरं. थोडं थांबून पुन्हा तेच.

"तेच तेच बोलतंय," सासूबाई म्हणाल्या. "तुजा नाव हाय का ते?"

"हो," मी म्हटलं. "माझंच नाव आहे."

"मंग ओ दे ना त्याला."

आधी त्यांचं कॉलसाइन, मग माझं, मग बोलायचं ते. परीक्षेत मी हे लिहून आले होते. मी बटण दाबलं आणि माझ्या तोंडून निघालं, "ओ, काका."

पलीकडून लगेच माझं कॉलसाइन आलं, आधीपेक्षाही सावकाश. नियमाने उत्तर दिल्याशिवाय ते पुढे जाणार नव्हते. मी पदराने नाक पुसलं, घसा साफ केला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.