चिखलातलं रुखवत

आमच्या मालकांच्या जीपमध्ये माणसाला बसायला जागा न्हाई, हे उभ्या ओतूरला ठाऊक हाय. मागं दोर, साखळी, फावडं, फळ्या, गोणपाट, पाण्याचा कॅन, बॅटरी, मलमपट्टीचा डबा, गूळ-शेंगदाणे आन् सगळ्याच्या वर घोंगडी. कुणी हसलं तर म्हणणार, "वाटेत कुणी अडकला तर त्याला काय रिकामे हात दाखवायचे?"

मालकांचं नाव यमाजी. त्यांचा बाप मेंढरांमागं फिरायचा, तवा सगळं बिऱ्हाड घोड्यावर असायचं. जे आधी लागणार ते शेवटी चढवायचं, ही रीत. आमचं मालक जीप तशीच भरत्यात. डोळं झाकून हात घातला तरी पायजे ती वस्तू सापडती. मी मागं बसले की माझ्या पाठीत मात्र फावड्याचा दांडा! आन् रस्त्यात बॉनेट उघडलेली गाडी दिसली की ह्या माणसाचा पाय आपोआप ब्रेकवर. माझ्या भावाच्या साखरपुड्याला आमी पोचलो तवा पावणं जेवून पान खात बसलं व्हतं. माझ्या रागाचा काय उपयोग? हसत्यात नुसतं.

यंदा मे महिन्यात आमच्या हर्षालीचं लग्न निघालं. बेल्ह्याजवळ, मुलाच्या दारात मांडव. रुखवत मी सगळं घरी केलं. पाट रंगवले, तोरण विणलं, गादी शिवून घेतली, सतरंजी, करंज्या, डिंकाचे लाडू. माझ्या लग्नात रुखवत तोकडं पडलं व्हतं, त्यावरून मी किती टोमणे गिळले ते माझं मलाच ठाऊक. माझ्या पोरीला सासरी तसलं काय ऐकायला लागू नये, एवढाच माझा हट्ट व्हता.

म्हणून लग्नाच्या दिवशी सकाळी मी जीप रिकामी केली. सगळा पसारा नेऊन गोठ्यात टाकला आन् जीपमध्ये रुखवत भरलं. मालक तोंड बारीक करून बघत उभं राहिलं. "रत्ना, फळ्या तरी राहू दे गं."

"फळ्या न्हाई आन् काय न्हाई! आज पोरीचं लग्न हाय, गॅरेज न्हाई!"

हर्षाली मामांबरोबर पुढं गेली. मागनं आमी दोघं आन् रुखवत. आदल्या दिवशी अवकाळी झोडपून गेलेला. आळेफाट्याच्या पुढं एके ठिकाणी मोरीचं काम चाललेलं, म्हणून गाड्या शेतातून वळवलेल्या. काळ्या मातीचा नुसता गारा. त्यात समोरून आलेली एक कार पोटापर्यंत रुतून बसलेली. मालकांनी माझ्याकडं बघितलं.

"बाजूनं काढा," मी म्हणाले. "मागनं कुणीतरी येईल."

मालकांनी गाडी नुसती हळू केली. तेवढ्यात कारमधनं बाईचं ओरडणं ऐकू आलं. दोन बाळंतपणं काढलीत मी. ते ओरडणं मला कुणी सांगायला लागत न्हाई.

"अहो, थांबवा की! बहिरे झालाय का?" मीच किंचाळले.

आत अक्षदा नावाची पोरगी, पहिलटकरीण, कळांनी कासावीस. तिचा नवरा भरत चिखलात बसून हातानं चाकाखालची माती उकरत व्हता. कार काय हलत न्हाई, तिला जीपमध्ये घेऊन आळेफाट्याच्या दवाखान्यात न्यायचं हे दिसतच व्हतं. पण मधी गुडघाभर चिखल. पोटुशी बाई तिथं घसरली म्हंजी? फळ्या गोठ्यात. मालकांनी मला एक शब्द सुनावला न्हाई. सुनावला असता तर बरं वाटलं असतं!

मीच जीपचं मागचं दार उघडलं आन् पहिला पाट ओढला. "बघत काय बसलाय? टाका चिखलात!" पाटामागं पाट टाकले, जिथं लईच खोल व्हतं तिथं सतरंजी. भरतनं एका बाजूनं धरली, मी दुसऱ्या बाजूनं, आन् अनवाणी पोरगी एकेक पाऊल टाकत जीपपर्यंत आली. करंज्या-लाडवांचे डबे कारमध्ये ठेवले, जीपमध्ये गादी पसरून तिला आडवी केली. मालकांनी जीप अशी काढली की पोटातलं पाणी हलू दिलं न्हाई.

दवाखान्यात तिला आत घेतली, भरतनं मालकांचा नंबर घेतला, आन् आमी माघारी पळालो. पाट, डबे गोळा करून मांडवात पोचलो तवा मुहूर्त टळून गेला व्हता. पण माइकवर पुढाऱ्यांचे सत्कार अजून संपले नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा मी पुढाऱ्यांना दुवा दिला.

टेबलावर रुखवत मांडलं. गादी गेली, सतरंजी गेली, पाट चिखलानं भरलेले. माझी जाऊ भागू तोंडाला पदर लावून हसत व्हती. मी ओल्या फडक्यानं पाट पुसायला घेतले, तेवढ्यात विहीणबाई, चिमाबाई, समोर उभ्या.

"इहीणबाई, हे काय वो?"

मालकांनीच घडलं ते सांगितलं. ते सांगतायत तवर फोन वाजला. पलीकडं भरत रडत-हसत ओरडत व्हता, "मामा, पोरगी झाली! दोघी खुशाल हायेत!" भर मांडवात आमचं मालक हुंदका देऊन रडलं. मला तर बाई काय करावं तेच सुचंना, मी त्यांचा दंडच घट्ट धरला.

चिमाबाईंनी माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं. पाटावर अक्षदाची पावलं उमटली व्हती, पाचही बोटं स्पष्ट.

"पुसू नका," त्या म्हणाल्या. "लक्ष्मी ह्याच पावलांनी आली. आमच्या सुनेचं रुखवत असंच मांडायचं. कुणाला काय बोलायचं असंल त्यानं माझ्याशी बोलावं."

मग लाडवांचा डबा उचलून मालकांच्या हातात दिला. "हे मात्र हितं कशाला? बाळंतिणीच्या तोंडात पडू द्या."

अक्षता पडल्या, लेकीचं तोंड डोळं भरून बघितलं, आन् आमचं मालक पंगत सोडून डबा घेऊन निघालं. त्यांनी जीप चालू केली तवा मी आधीच शेजारी जाऊन बसले व्हते.