लुडबुड

निवृत्तीनंतर वारज्याच्या फ्लॅटमधल्या मधल्या खोलीत मी माझी प्रयोगशाळा थाटली. ओट्याच्या कामातून उरलेला कडप्पा, दोन आरसे, निम्मा प्रकाश आरपार सोडणारी एक काच आणि बुधवार पेठेतून आणलेला लेझर. दुकानदाराने विचारलं, "मांजर खेळवायला का?" मी पैसे मोजून दिले. तीस वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलेल्या माणसाने असल्या प्रश्नांना उत्तरं देऊ नयेत.

प्रयोग जुनाच. एका किरणाचे दोन करायचे, वेगवेगळ्या वाटांनी पाठवायचे आणि पुन्हा एकत्र आणायचे. मग भिंतीवर उजेडाच्या आणि अंधाराच्या पट्ट्या उमटतात. स्क्रू फिरवून एक आरसा कणभर सरकवला की पट्ट्या एकेक करून पुढे जातात. अशा शंभर पट्ट्या न चुकता मोजल्या की प्रकाशाची तरंगलांबी काढता येते. मला घरच्या घरी तेवढंच करून दाखवायचं होतं. इंग्रजीत याला इंटरफिअरन्स म्हणतात, मराठी पुस्तकात व्यतिकरण. बायको म्हणायची, "इंटरफिअरन्स म्हणजे लुडबुडच ना हो?" तिचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं होतं.

अडचण एकच होती. ती स्वयंपाकघरातून चालत आली की पट्ट्या थरथरायच्या आणि माझी मोजणी चुकायची. तिचा डावा गुडघा दुखायचा, त्यामुळे एक हिसका मोठा, एक लहान. मी भिंतीवरची नजर न काढता ओरडायचो, "हलू नकोस!" ती चहाचा कप घेऊन दारातच थांबायची. चहावर साय धरायची. मग हळूच विचारायची, "अहो, श्वास तरी घेऊ का?" मला हसूही येत नसे. शंभरापर्यंत मी कधीच पोचलो नाही आणि त्याचं खापर तिच्यावर फोडत राहिलो.

ती जाऊन आता दीड वर्ष झालं. गेल्या आठवड्यात दुपारी पडदे ओढून बसलो आणि शंभर पट्ट्या सलग मोजल्या. एकदाही थरथर नाही. गणित केलं, उत्तर बरोबर आलं. सांगायला म्हणून दाराकडे वळलो आणि मला रडू कोसळलं.

विद्यार्थ्यांना मी बजावायचो, पट्ट्या हलल्या तर ते रीडिंग टाकून द्या, प्रयोग बिघडलाय. बिघडलं काहीच नव्हतं. घरात कोणीतरी चालतंय, एवढंच त्या पट्ट्या सांगत होत्या, आणि मी ती सगळी रीडिंग टाकून दिली.

डोळे पुसून उठलो, स्वयंपाकघरात गेलो आणि मुद्दाम पाय आपटत परत आलो. दारात थांबून भिंतीकडे बघेपर्यंत पट्ट्या शांत झाल्या होत्या. पुन्हा गेलो, पुन्हा आलो, आणखी जोरात. तेच. एकाने चालायचं आणि दुसऱ्याने बघायचं, त्याशिवाय ती थरथर दिसत नाही.