दीपमालाबाई आणि क्रांतीचा प्रश्न

कडेगावजवळच्या एका वाडीत दीपमालाबाई अंगणवाडी चालवायच्या. पोरांशी त्या कधी खोटं बोलायच्या नाहीत. लस टोचायच्या दिवशी आया म्हणायच्या, "काय दुखत न्हाई रं." बाई पोराला मांडीवर घेऊन सांगायच्या, "दुखतंय. थोडं रडून घे, मग आपण गाणं म्हणू." पोरं रडायची ती त्यांच्याच गळ्याला मिठी मारून.

एका उन्हाळ्यात अंगणवाडीतल्या क्रांतीचे वडील इंद्रजित गेले. लडाखात लष्कराची गाडी दरीत कोसळली. सारा गाव अंत्यविधीला लोटला, पण चार वर्षांच्या क्रांतीला मिरजेला मामाकडे धाडलं होतं. ती परत आल्यावर आजोबा लालासाहेबांनी सांगितलं, "पप्पा ड्युटीवर हायत. दिवाळीला येतील."

दिवाळी होऊन गेली. एका दुपारी खिचडीला हात न लावता क्रांतीनं विचारलं, "बाई, मी लय दंगा करते म्हणून पप्पा येत न्हाईत का?"

खरं सांगणं घरच्यांचं काम होतं, आणि खोटं बाईंच्या तोंडून निघत नव्हतं.

"तुझं काय बी चुकलेलं न्हाई, बाळा," एवढंच त्या म्हणाल्या.

संध्याकाळी त्या लालासाहेबांकडे गेल्या. फौजेतून निवृत्त झालेला तो करारी माणूस ऐकताच भडकला.

"आवं बाई, तुमी गाणी शिकवा. आमच्या घरात कशाला पडताय?"

"आण्णा, पोरगी सगळं सोताच्या अंगावर घेतीय. उद्या परत विचारील. मला दिवाळीचं सांगता यायचं न्हाई."

लालासाहेब मान फिरवून बसले. तेवढ्यात सून अंकिता आतून आली. "मामंजी, मी सांगते तिला. बाई, तुमी जाऊ नका. मला एकटीला जमायचं न्हाई."

तिनं लेकीला हाक मारून जवळ घेतलं. "क्रांती, पप्पांची गाडी दरीत पडली. ते वारले. आता ते येणार न्हाईत. पण तुझ्यामुळं न्हवं गं."

क्रांतीनं मान वर करून विचारलं, "मग त्यांना थंडी वाजत आसंल?"

"न्हाई. आता कायच न्हाई वाजत."

तेव्हा कुठं ती रडली. लालासाहेबांनी टोपी काढून तोंडावर धरली, पण त्यांचे हुंदके सगळ्यांना ऐकू आले.

पुढं बरेच दिवस क्रांती अंगणवाडीत आली नाही. आपण घाई तर केली नाही ना, या विचारानं बाईंना घास गोड लागेना. मग एका सकाळी लालासाहेबच नातीचं बोट धरून आले. क्रांती हात सोडेना, म्हणून बारक्या पोरांच्या सतरंजीवर मांडी घालून, शाळा सुटेपर्यंत तिथंच बसून राहिले.