चुलीची सोय असलेली खोली

माणिकराव मूळचे मेहकरचे. नोकरी हुमनाबादला, एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क. रजेचा अर्जसुद्धा आधी कच्चा लिहायचे, मग पक्का.

शहाऐंशी साली हैदराबादचा एक एजंट कचेरीत आला. थंड हवेच्या गावी एका खोलीतला वर्षाचा एक आठवडा विकत घ्यायचा. पुढची तेहतीस वर्षं तो आठवडा आपला. जा नाहीतर जाऊ नका, देखभालीची वर्गणी दरसाल भरायची. त्याच गावाचा कंटाळा आला तर आपला आठवडा देऊन दुसऱ्या गावचा घ्यायचा. त्याची फी वेगळी.

शेजारच्या टेबलावरच्या श्रीपतरावांनी फोटो बघूनच सही केली. माणिकरावांनी तीन कंपन्यांची माहितीपत्रकं मागवली. कोऱ्या कागदावर रकाने आखले. वर्गणी कुणी वाढवायची? छत गळालं तर खर्च कुणाचा? अदलाबदल किती महिने आधी कळवायची? पंधरा दिवस हेच चाललं होतं.

"हवा खायला चाललाव का ऑडिट करायलाव?" श्रीपतराव म्हणाले. कचेरी हसली. माणिकरावही हसले.

घरी त्यांनी शोभाबाईंना एकदाच विचारलं, तिथं तुला काय हवं. त्या भाकरी थापत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "काई न्हाई. सात दिस बसल्या जागी कुणी वाढावं."

माणिकरावांना ती थट्टा वाटली. चौदाव्या वर्षी लग्न होऊन आल्यापासून शोभाबाई चुलीपुढेच होत्या. बुद्धपौर्णिमेला विहारात अख्ख्या वस्तीची खीर त्याच करायच्या आणि सगळ्यांच्या शेवटी खायच्या. कागदावर या गोष्टीसाठी रकाना नव्हता.

त्यांनी तिसरी कंपनी निवडली. वर्गणी सगळ्यांत कमी, खोलीत गॅस, भांडी, आपलं आपण शिजवायचं. वर्गणीचं कारण त्यांनी सगळ्यांना सांगितलं. दुसरं कुणालाच सांगितलं नाही. एकसष्ट साली, नोकरीला नुकतेच लागलेले असताना, ते गुलबर्ग्याच्या एका खानावळीत गेले होते. मालकाने नाव विचारलं. मग वडिलांचं. मग गाव. मग गावात घर कुठल्या बाजूला. ताट मिळालं ते मागच्या पायरीवर. जेवून झाल्यावर ते त्यांनी स्वतः धुऊन ठेवलं. त्यानंतर ते बाहेर कधी जेवले नाहीत. दौऱ्यावरही घरचा डबा. स्वतःची चूल असली की कुणी काही विचारत नाही, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पुढच्या मे महिन्यात दोघं गेली. पिशवीत ज्वारीचं पीठ, काळं तिखट, तवा. खोली चांगली होती. खिडकीतून दरी दिसायची आणि दरीपलीकडे दुसऱ्या कंपनीचं जेवणघर. तिथं माणसं बसलेली असत आणि पांढऱ्या कपड्यांतली पोरं वाढत फिरत. शोभाबाई भाकरी उलटता उलटता तिकडे बघत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "हितं बी चूलच हाय की. घरची काय वाईट होती?"

तेव्हा माणिकरावांनी खानावळीचं सांगितलं. सव्वीस वर्षांनी, पहिल्यांदा.

शोभाबाईंनी गॅस बारीक केला. मग म्हणाल्या, "मला कुणी नाव-गाव इचारलं असतं तर सांगितलं असतं. त्यात लपवायचं काय? मला वाढून पाहिजे होतं."

उरलेले चार दिवसही शोभाबाईंनीच रांधलं.

परतल्यावर माणिकरावांनी तोच कागद पुन्हा काढला. यावेळी एकच रकाना आखला: जेवणघर. अदलाबदलीचा अर्ज केला, फी भरली. पहिल्या वर्षी नकार आला, त्या ठिकाणी जागा नव्हती. दुसऱ्या वर्षी त्यांनी अर्ज आठ महिने आधीच धाडला. मंजुरी आली: कोकणात, समुद्राकाठी, ऑक्टोबर एकोणनव्वद, दोन माणसं, जेवणासह. ते पत्र त्यांनी शोभाबाईंना दोनदा वाचून दाखवलं. "समुद्राकाठी मासळीच वाढतेत का?" एवढंच त्यांनी विचारलं.

जूनमध्ये शोभाबाई गेल्या. सकाळी छातीत कळ आली, आणि बिदरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. परातीत मळलेलं पीठ तसंच होतं.

माणिकरावांनी कंपनीला कळवलं. उत्तर आलं की आपला आठवडा अदलाबदलीत जमा झाला आहे, आता मागे फिरवता येत नाही, कंपनी दुःखात सहभागी आहे. सोबत पुढच्या वर्षाच्या वर्गणीची मागणी होती.

ते गेले. एकटेच. कामून गेले, ते श्रीपतरावांनाही सांगता आलं नाही.

जेवणघरात टेबल दोघांचं होतं. वाढप्याने विचारलं, बाई यायच्या आहेत का? "वाढा," माणिकराव म्हणाले. त्याने दोन्ही ताटं वाढली. एका ताटातला भात हळूहळू थंड झाला. दुसऱ्या दिवशी वाढप्याने विचारलं नाही, वाढलं. सातही दिवस वाढलं.

माणिकरावांना नाव कुणी विचारलं नाही. घर गावात कुठल्या बाजूला, हेही नाही. रोज जेवताना तो पोरगा एवढंच विचारायचा, "भात आणखी देऊ?"