खाटेवर न बसणारे नाना

नाना कुणाच्याही घरी बसत नसत. भावाभावांत बांधावरून जुंपलेली असो की लग्नात मानपानावरून, ते उभ्यानेच समजूत काढत. आमच्या वस्तीत आले तरी दाराशी उभे. लहानपणी मला वाटे, हा शेतीवाडीवाला माणूस विटाळ मानतो. पुढे पाहिलं, सरपंचाच्या ओट्यावरही ते उभेच. विचारलं तर म्हणत, "खाटवर बसना का माणूस त्या घरना हुई जास."

पारोळ्याजवळच्या आमच्या गावाला मसणवट एकच, नदीकाठी. तिकडचा रस्ता चौकातून, नानांच्या भाऊबंदांच्या दारांवरून जातो. वस्तीतली तिरडी त्या दारांसमोरून न्यायची नाही, नाल्यातून न्यायची, ही गावाची रीत. माझे वडील भर पावसाळ्यात गेले. नाल्याला पाणी होतं म्हणून चौकातून निघालो, तर वाट अडवली. छातीभर पाण्यातून, हात वर धरून बापाला नेलं. मी पोलिसांत तक्रार दिली.

आठवड्याच्या आत नाना दाराशी आले. "तक्रार मांगे ल्या. रस्ता मी मोकया करी देस."

मला संताप आला. आमचीच तिरडी अडवायची आणि समजूतदारपणाही आम्हीच दाखवायचा. पण नानांनी कधी कुणाला फसवलेलं नव्हतं. आई म्हणाली, "तुम्हना शबदवर, नाना." चौकातल्यांनी मारुतीच्या पारावर हो म्हटलं, मी तक्रार मागे घेतली. गावात शांतता झाली म्हणे. तिची किंमत मोजणारे आम्हीच होतो.

पुढच्या पावसाळ्यात चुलती गेली आणि तिरडी पुन्हा चौकात अडली. नाना धावत आले, दिलेल्या शब्दाची आठवण करून दिली. त्यांचा सख्खा भाऊ म्हणाला, "दादा, ते त्या टाइमपुरतं व्हतं." आम्ही नाल्यात उतरलो, तर मागोमाग तेही पाण्यात उतरले. परतल्यावर ओल्या धोतरानिशी आमच्या खाटेवर बसले आणि आईकडे प्यायला पाणी मागितलं. "आते मी मधला नही," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर पोलीस ठाण्यात येऊन अडवणाऱ्यांची नावं सांगितली. पहिलं नाव भावाचं होतं.

ज्यांची भांडणं त्यांनी मिटवली होती, तेच आता त्यांना पाहून मान फिरवू लागले. नाना संध्याकाळी आमच्याकडे येत. बसायची सवय नसल्यामुळे खाटेच्या कडेला अवघडून बसत. त्यांना तसं बघून मला भरून येई.

ते गेले तेव्हा घरात कुणी नव्हतं; बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. भावाने दारातूनच सांगितलं, "त्यासनं पानी पियेल शे, त्याच उचलतीन."

आम्ही उचललं आणि चौकातूनच नेलं. खांदे आमचे, पण वरचा माणूस त्यांचा. अडवावं कसं, हे कुणाला सुचेना. लोकांनी दारं लावून घेतली. मी रडत होतो.

रस्ता त्या दिवसापुरताच मोकळा झाला. खटला चालू आहे, मुख्य साक्षीदार मात्र उरला नाही. या पावसाळ्यात आई त्याच खाटेवर पडून आहे. काल मला जवळ बोलावून म्हणाली, "मले नालामाईन नेजो नको. नानाले जठून लई गवात, तठूनच लई जाजो."

मी शब्द दिला आहे.