तांदळाच्या धुवणावर वाढलेली वेणी

पूल मागे पडला, गोदामांची रांग सुरू झाली, तरी थोरली थांबेना. तिच्या चालण्यावरूनच धाकटीला कळत होतं, आत उकळतंय. थोरली रागावली की पाय आपटत नाही. उलट ओल्या फरशीवरून चालावं तशी जपून पावलं टाकते. पाठीवर वेणी गुडघ्याशी सलगी करत झुलत होती. एरवी बाहेर पडताना ती अंबाडा घालून वर रुमाल बांधायची. आज वेणी मुद्दाम मोकळी सोडली होती. समोरून आलेला हातगाडीवाला मान वळवून बघत गेला.

"बघू दे," थोरली म्हणाली. "फुकट आहे."

धाकटीला हसू आलं, पण तिने ते गिळलं.

दोघी जावा, आणि कामालाही एकाच लाँड्रीत. हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, जेवणाच्या टेबलावरचे रुमाल धुऊन, खळ देऊन, कडक इस्त्री करून परत पाठवायचे, हे तिथलं काम. कामगारांना ने-आण करणारी गाडी संध्याकाळीच सुटते, आणि थोरलीला तर भर दुपारी फाटकाबाहेर काढलं होतं. धाकटीने इस्त्री बाजूला ठेवली, दोघींचे डबे उचलले आणि कुणाला न विचारता तिच्या मागे निघाली. म्हणून ही पायपीट.

"तू कशाला आलीस गं?" थोरलीने शेवटी विचारलं. "मला रस्ता ठाऊक नाही का?"

"तुमचा डबा राहिला होता, ताई."

"डबा द्यायला आलीस, मग स्वतःचा कशाला आणलास?"

धाकटीने दोन्ही डबे दुसऱ्या हातात घेतले.

"दोघी घरी बसलो तर खायचं काय?" थोरली म्हणाली. "भाऊजी काय म्हणतील?"

"ते म्हणतील, वहिनीला एकटी सोडली नाहीस, बरं केलंस."

"तोही तसलाच," थोरली म्हणाली, पण आवाज जरा निवळला.

भांडण झालं होतं एका केसावरून. हॉटेलातून रुमालांचा एक गठ्ठा परत आला. एका रुमालाच्या घडीत लांबलचक केस होता, खळीत बसून इस्त्रीखाली असा चिकटलेला की कुणी काळ्या दोऱ्याने टीप घातली असं वाटावं. सुपरवायझरबाईंनी तो नखाने सोलून काढला, सगळ्या बायकांना रांगेत उभं केलं आणि त्या तो एकेकीच्या डोक्याला लावून बघायला लागल्या. बायका माना खाली घालून उभ्या. घड्या घालणारीपाशी आल्या तेव्हा तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. ती नुकतीच कामाला लागली होती आणि घरी आजारी नवरा होता.

थोरली रांगेतून पुढे झाली. "बाई, माझा आहे तो. द्या इकडे."

"कशावरून?"

"केस लांब आहे, मी लांब केसांची आहे. आणखी काय पंचनामा करायचाय?"

खरंच तिचा होता का, देव जाणे. त्या खोलीत सगळ्याच जणी वाफेत घामाघूम होऊन राबायच्या, कुणाचाही असता. पण हात पुढे केला तो तिने.

दुसऱ्या दिवशी मालकांचं फर्मान आलं. खांद्याखाली केस असतील त्या प्रत्येकीने ते कापून यायचं. समोरच्या सलूनवाल्याला सांगून ठेवलं होतं. बायका घोळक्याने गेल्या, एकमेकींना चिडवत परत आल्या. दोघी-तिघींना तर बरंच वाटलं, डोकं हलकं झालं म्हणाल्या. धाकटीही गेली. नोकरी टिकवायची होती. घरी आल्यावर थोरलीने तिच्या उघड्या मानेवरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाली, "छान आहे गं मान तुझी. इतकी वर्षं दिसलीच नव्हती."

स्वतः मात्र गेली नाही. तिच्या नवऱ्याने समजूत घालून बघितली. "केसच आहेत, परत वाढतील."

"तुम्ही आधी मिशा उतरवून या," ती म्हणाली. "मग बसून बोलू."

तो मिशांवर हात फिरवत बाहेर जाऊन बसला.

या केसांची गोष्ट धाकटीने सासूबाईंच्या तोंडून ऐकली होती. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी थोरलीला विषमज्वर झाला. ताप उतरला आणि केस पुंजक्यापुंजक्याने हातात यायला लागले. थोरलीने आरशावर टॉवेल टाकला. तेव्हा सासूबाईंनी तिला मोरीत पाटावर बसवलं आणि तांदळाचं धुवण तिच्या डोक्यावर ओतलं. तांदूळ धुतला की पहिलं पाणी टाकून द्यायचं, दुसरं पांढरं पाणी धरायचं, झाकून रात्रभर ठेवायचं, आणि जरासा आंबूस वास आला की मुळांशी हलक्या हाताने चोळून, थोड्या वेळाने साध्या पाण्याने धुऊन टाकायचं. सासूबाई तोंडाने देवाचं नाव घेत ओतायच्या. केस येतील असं वचन त्यांनी दिलं नव्हतं. "येतील की नाही ते देव बघेल," म्हणाल्या होत्या. "पण तेवढ्यापुरती तू माझ्या हाताखाली बसशील तरी."

केस आले. दाट आले, लांब आले. कुणी धुवणाचा गुण विचारला की थोरली खरं ते सांगायची. "ताप गेला, पोटात अन्न जायला लागलं, म्हणून आले असतील. धुवणाने मऊ राहतात, विंचरताना तुटत नाहीत, एवढं मात्र मी बघितलंय." कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणायची, "त्या दिवसांत माझ्या डोक्याला हात लावायला कुणी धजत नव्हतं. त्या एकट्या लावायच्या." सासूबाई गेल्या, पण सुट्टीच्या दिवसाचं धुवण चुकलं नाही.

पुढे लाँड्रीतही हेच काम तिच्या वाट्याला आलं. मालक बाजारची पावडर वापरत नसत, तांदळाची कणी शिजवून, फडक्यातून गाळून खळ करायची ही त्यांच्या वडिलांपासूनची रीत. कणी धुवायची थोरली. वाया जाणारं धुवण बाटलीत भरून घरी आणायची. सुपरवायझरबाई नाक मुरडायच्या. "तुमच्या केसांना आंबलेला वास येतो."

"हुंगायला इतक्या जवळ कशाला येता मग?" थोरली विचारायची.

धाकटी या घरात नवी होती, लाँड्रीतही नुकतीच लागली होती, तेव्हाची गंमत. सुट्टीचा दिवस, थोरली मोरीत केस सोडून बसलेली. आतून म्हणाली, "ओट्यावरचं भांडं दे गं." ओट्यावर दोन भांडी होती, एकात धुवण, दुसऱ्यात नवऱ्याच्या सदऱ्यासाठी आणलेली पातळ खळ. धाकटीने खळ नेऊन दिली. दोन्ही पांढरी, दोन्ही तांदळाची, लाँड्रीत काम करणाऱ्या बाईलाच सुचावा असा घोळ. केस वाळले आणि सदऱ्याच्या कॉलरसारखे ताठ झाले. कंगवा आत गेला तो बाहेर येईना. थोरलीचा नवरा म्हणाला, "आता नुसती इस्त्री फिरवायची राहिली." धाकटी रडायच्या बेतात होती. थोरली मात्र पोट धरून हसत होती. संध्याकाळपर्यंत बादल्यांमागून बादल्या ओतल्या तेव्हा कुठे केस सुटले. मग तिने धाकटीला पाटावर बसवलं. "आता तुझी पाळी. ओळख करून घे, म्हणजे परत चुकणार नाहीस." आणि खरं धुवण तिच्या डोक्यावर ओतलं. त्या दिवसापासून दोघी एकमेकींच्या डोक्यावर ओतत आल्या होत्या.

आज सकाळी थोरली टोपी घालून कामावर गेली. जुन्या फाटक्या चादरीची, मागे नाडी असलेली टोपी तिने स्वतः शिवली होती. सगळे केस आत, कपाळावरची बटसुद्धा बाहेर नाही. दुपारी मालक आले, त्यांनी बघितलं आणि मान हलवली. "नियम म्हणजे नियम. केस कापा, आणि माझी चूक झाली, पुन्हा होणार नाही, असं लिहून द्या. तोवर येऊ नका."

"टोपीत केस मावतात, मालक. तुमच्या नियमात मी मावत नाही, असं सरळ सांगा ना."

त्यानंतर फाटक, आणि हा रस्ता.

गोदामं संपली तिथे एका बंद दुकानाची पायरी सावलीत होती. दोघी टेकल्या. थोरलीने वेणी पुढे घेऊन मांडीवर ठेवली आणि डबा उघडला. देवाचं नाव घेऊन पहिला घास उचलला. नेहमीचंच. राग असो वा ताप, ते तिचं चुकत नाही.

धाकटीने धीर करून विचारलं, "ताई, कापले असते तर काय बिघडलं असतं?"

"काही नाही. तू कापलेस, तुझं काय बिघडलं?"

"काही नाही."

"पण तुला विचारलं का कुणी, कापायचेत का म्हणून?"

धाकटीचा हात मानेकडे गेला. "नाही."

"तेवढंच." थोरली सावकाश चावत राहिली. "देवाने एकदा नेले होते, तेव्हा मी भांडले नाही. त्याचेच होते. पुन्हा न्यायचे तर नेईल. पण मालक काही देव नाही. आणि चूक कसली लिहून देऊ? डोकं आहे, केस गळतो. टोपी घालते म्हटलं, अजून काय करायचं?"

"काढून टाकतील तुम्हाला."

"टाकू देत. त्यांनी टाकायचं, मी सोडायचं नाही. मी सोडलं की उद्या दुसरीला रांगेत उभी करतील, आणि तिच्या डोक्याला काय काय लावून बघतील."

ती डबा पुसत होती, फडक्याने, कोपऱ्यांतून, नेहमीसारखा स्वच्छ. झाकण लावलं. मग धाकटीकडे वळली.

"तू दहावीपर्यंत शिकलीस. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, त्यांना हसायला निमित्त होईल. आज घरी गेल्यावर एक कागद लिहून दे मला. केस माझा होता. टोपी घालीन. कापणार नाही. काम सोडलेलं नाही. एवढंच लिही, आणि त्यात विनंती, कृपा, क्षमा असलं काही घालू नकोस. सही मी करीन. तुझं नाव त्यात कुठेच येऊ देऊ नकोस. आणि उद्या तू गाडीने कामावर जा, नेहमीच्या वेळेला. कागद टेबलावर ठेवून पळून येऊ नकोस, मालकांच्या हातात दे आणि ते वाचेपर्यंत तिथेच उभी राहा. करशील एवढं माझ्यासाठी?"